पत, टोपणनाव आणि अनोळखी भिडू

संध्याकाळी सातच्या सुमारास कामोठ्यातील कोणत्याही सेक्टरच्या बागेत गेले तर एक दृश्य हटकून दृष्टीस पडते. एका बाकावर तीन-चार मुले खांद्याला खांदा लावून बसलेली असतात. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, कानात इयरफोन आणि नजर पडद्यावर खिळलेली. फेरफटका मारणाऱ्या ज्येष्ठांना वाटते, ही मुले एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ती अखंड बोलत असतात. शत्रू कोणत्या बाजूने येतो आहे, औषध कोणाजवळ शिल्लक आहे, कोणी कोणाची पाठ राखावयाची, याची चर्चा क्षणभरही थांबत नाही. चौघांची एक तुकडी करून दूरच्या कोणा अनोळखी तुकड्यांशी त्यांची लढाई चाललेली असते.

चौथा भिडू घरी अभ्यासाला अडकला असेल, तर खेळच आपण होऊन देशाच्या कोणत्या तरी कोपऱ्यातला एक अपरिचित भिडू त्यांच्या तुकडीत आणून बसवितो. या भिडूला मुलांच्या भाषेत 'रँडम' म्हणतात. प्रस्तुत लेखकाने फिरण्याच्या निमित्ताने काही दिवस हे संभाषण लक्षपूर्वक ऐकले. नेहमीच्या तिघांपैकी कोणी चुकला, तर 'अरे, जाऊ दे' एवढ्यावर विषय संपतो. तीच चूक 'रँडम'च्या हातून झाली, की त्याच्या आईबहिणीचा उद्धार होतो. तोही काही कमी नसतो. तो तितक्याच जोमाने परतफेड करतो आणि खेळ अर्धा टाकून निघून जातो. पाच मिनिटांनी दुसरा 'रँडम' येतो. पहिल्याची आठवणही कोणाला राहत नाही.

या शिवराळपणाची दोन कारणे नेहमी सांगितली जातात. एक म्हणजे, आजच्या पिढीवर संस्कार राहिलेले नाहीत. दुसरे म्हणजे, इंटरनेटवर माणूस निनावी असतो आणि निनावी माणसाला लाज नसते. पहिले कारण विचारात घेण्यासारखे नाही. कारण तीच मुले, त्याच बाकावर, त्याच क्षणी आपल्या सोबत्यांशी उत्तम वागत असतात. दुसऱ्या कारणात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच आहे. आणि या अर्ध्या सत्यावर विसंबून सरकारे व कंपन्या जे उपाय सुचवितात, ते रोगापेक्षा वाईट ठरण्याचा संभव आहे. म्हणून या प्रश्नाची थोडी खोलात जाऊन तपासणी करणे अगत्याचे वाटते.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने खेळांसारख्या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. याचे उत्तर असे, की एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने २००१ सालीच 'एव्हरक्वेस्ट' या खेळातील बाजाराचा अभ्यास करून, त्या काल्पनिक प्रदेशाचे दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान येते, असे दाखवून दिले होते. जेथे माणसे वस्तूंची देवघेव करतात, एकमेकांवर विश्वास टाकतात आणि फसविलीही जातात, तेथे अर्थशास्त्राला मज्जाव असण्याचे कारण नाही.

गावाची वेस मोडली

'सर्व्हर' हा शब्द आता घरोघरी पोचला आहे. बँकेत काम अडले की तो कानी पडतोच. पनवेलजवळ हिरानंदानी फॉर्च्युन सिटीत २०२० साली योट्टा कंपनीचे 'एनएम-१' नावाचे मोठे डेटा सेंटर सुरू झाले. अशा इमारतींतून ओळीने मांडलेली संगणकयंत्रे म्हणजेच सर्व्हर. हजारो खेळाडू एकाच वेळी खेळतील अशा जुन्या खेळांत असा एकेक सर्व्हर म्हणजे एकेक स्वतंत्र गाव असे. एका गावचा माणूस दुसऱ्या गावी सहजासहजी जाऊ शकत नसे.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ब्लिझर्ड या कंपनीने २००४ च्या नोव्हेंबरमध्ये आणलेला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ. त्यात एकेका सर्व्हरवर काही हजार खेळाडूंची वस्ती असे. एखाद्या गुहेत शिरून तेथील राक्षसाला मारावयाचे, तर पाच जणांची तुकडी लागे. ती जमविण्यासाठी त्या जगातील शहरात जाऊन हाक घालावी लागे, होकार येईपर्यंत थांबावे लागे, मग सर्वांनी मजल-दरमजल करीत गुहेपर्यंत पोचावे लागे. या खटाटोपात तासभर सहज मोडे. परंतु त्या तासाभरात माणसांची ओळख होई. कोण जबाबदारीने खेळतो, कोण मध्येच पळतो, राक्षस पडल्यावर मिळालेली मौल्यवान वस्तू कोण वाटणी न करता घशात घालतो, हे सगळे गावाला माहीत असे. ज्याने एकदा अशी लबाडी केली, त्याच्या नावाची चर्चा सर्व्हरभर होई आणि पुढे त्याला कोणी तुकडीत घेत नसे. खेळाडूचे खरे नाव कोणालाच ठाऊक नसे. तरीही त्याला पत होती. आणि ती तो जपत असे.

२००६ च्या ऑगस्टमध्ये या गावांच्या वेशी प्रथम मोडल्या. निरनिराळ्या सर्व्हरांवरील खेळाडूंना एकाच रणांगणात आणण्याची सोय झाली. २००९ च्या डिसेंबरमध्ये त्याहून मोठा बदल झाला: गुहेत जाण्यासाठी तुकडी जमविण्याचे काम खेळानेच हाती घेतले. खेळाडूने एक बटण दाबावे. यंत्र अनेक सर्व्हरांवरून पाच जण निवडून त्यांना थेट गुहेच्या दाराशी नेऊन सोडीत असे. २०१२ साली तर कमी वस्तीच्या गावांतील रानेवनेही एकमेकांत मिसळण्यात आली. तासाचे काम आता काही मिनिटांवर आले. पाच अनोळखी माणसे एकत्र येऊ लागली, वीस-पंचवीस मिनिटे बहुधा मुक्यानेच लढू लागली आणि पांगू लागली. ती पुन्हा भेटण्याचा संभव जवळजवळ उरला नाही.

आपल्याकडे ज्या खेळाने मुलांना वेड लावले, तो तर या दुसऱ्या अवस्थेतच जन्मला. 'पबजी मोबाईल'वर केंद्र सरकारने २०२० च्या सप्टेंबरमध्ये बंदी घातली; त्याचा भारतीय अवतार 'बीजीएमआय' २०२१ च्या जुलैमध्ये आला, वर्षभराने दुकानांतून काढला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात परतला. या खेळात गाव असे कधी नव्हतेच. पहिल्या दिवसापासून तो एक अफाट फलाट आहे. कामोठ्याच्या मुलाला 'रँडम' हा शब्द शोधून काढावा लागला नाही. त्या व्यवस्थेत तो ओघानेच आला.

पत कशी जमते

आमच्या वसाहतीतील बायका भिशी चालवितात. दरमहा प्रत्येकीने ठरावीक रक्कम घालावयाची आणि चिठ्ठी निघेल तिने ती सगळी उचलावयाची. पहिल्याच महिन्यात जिची चिठ्ठी निघते, तिने पुढचे हप्ते बुडविले तर कोणते न्यायालय तिला जाब विचारणार? तरीही भिश्या बुडतात त्या अपवादानेच. कारण उघड आहे. जिला रोज त्याच जिन्यावरून चढावयाचे आहे आणि त्याच नळावर, त्याच शाळेच्या फाटकाशी भेटावयाचे आहे, तिला एका भिशीच्या रकमेपेक्षा आपली पत मोठी वाटते.

सिडकोने वसविलेल्या या गावात सुरुवातीच्या काळात राहावयास आलेल्यांना किराणा दुकानदार उधारी देत नसत. 'नवीन आहात ना, रोख द्या' असे ऐकून घ्यावे लागे. गिरगावातून, लालबागेतून किंवा सातारा-सांगलीकडून आलेल्या माणसाची मूळ गावातील पत येथे चालत नव्हती. ती नव्याने जमवावी लागली. वर्ष-दोन वर्षांनी वहीत नाव चढले. नवख्याला संशयाने वागविणे हा दुकानदाराचा दुष्टपणा नव्हता. ज्याचा मागचा हिशेब माहीत नाही आणि जो उद्या घर सोडून जाईल की काय हेही माहीत नाही, त्याच्याबाबत दुसरे काय करणार?

हीच गोष्ट रॉबर्ट ॲक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञाने १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात शास्त्रीय रीतीने मांडली. त्याने संगणकांवर स्पर्धा घेऊन दाखविले, की स्वार्थी माणसेसुद्धा परस्परांशी सहकार्याने वागू लागतात. मात्र त्यांची पुन्हा गाठ पडण्याचा संभव पुरेसा असला पाहिजे. भविष्याची सावली वर्तमानावर पडली पाहिजे. ती सावली काढून घेतली, की आज फसवून उद्या नाहीसे होणे हाच फायद्याचा मार्ग ठरतो. एरिक फ्रीडमन आणि पॉल रेझनिक या दोघांनी २००१ साली याच्या पुढचे पाऊल टाकले. इंटरनेटवर टोपणनाव बदलणे फुकट असेल, तर त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांचे उत्तर असे, की ती किंमत प्रत्येक नवख्याला मोजावी लागते. बदनाम झालेला इसम नवे नाव घेऊन येऊ शकतो म्हणून प्रत्येक नव्या नावाकडे संशयाने पाहिले जाते. खरोखरच नवा असलेला निरपराध माणूस त्यात भरडला जातो.

बाकावरील मुलांचे आणि 'रँडम'चे नाते आता उलगडते. मुले असंस्कृत नाहीत आणि 'रँडम'ही गुंड नाही. तो स्वतःच्या गावी, स्वतःच्या तीन मित्रांसह बसतो तेव्हा तोही असाच सभ्य असतो. त्यांच्यात उणीव आहे ती उद्याची. 'लीग ऑफ लेजंड्स' हा खेळ काढणाऱ्या रायट कंपनीच्या संशोधकांनी मागेच सांगितले होते, की शिवीगाळीचा मोठा भाग मूठभर अट्टल खेळाडूंकडून होत नसून, एरवी नीट वागणाऱ्या बहुसंख्यांच्या अधूनमधूनच्या स्फोटांतून येतो. माणसे निवडून काढून हा प्रश्न सुटणार नाही, तो व्यवस्थेचा प्रश्न आहे, असाच याचा अर्थ होतो.

कंपनीचे गणित

वेशी मोडण्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर हा विचार एकांगी होईल. बाजार जितका विस्तृत, तितका ग्राहकाला विक्रेता लवकर सापडतो, हा अर्थशास्त्रातील प्राथमिक धडा आहे. ओस पडलेल्या सर्व्हरवरील खेळाडूला तुकडीसाठी संध्याकाळभर ताटकळावे लागे; कित्येकदा तुकडी जमण्यापूर्वीच झोपायची वेळ होई. नोकरी करणाऱ्याला, लेकुरवाळ्या बाईला, परीक्षेच्या दिवसांत अर्धाच तास मोकळा असणाऱ्या विद्यार्थ्याला जुन्या व्यवस्थेत स्थानच नव्हते. वेशी मोडल्यामुळे नांदेडचा मुलगा आणि जर्मनीत शिकावयास गेलेला त्याचा वर्गमित्र एकत्र खेळू शकतात, हाही लाभ लहान नाही. २०१९ साली ब्लिझर्डने जुना खेळ जुन्याच रूपात पुन्हा खुला केला तेव्हा त्यावर उड्या पडल्या, हे खरे. परंतु पुढच्या टप्प्यावर, २०२२ साली, तुकडी जमविणारे ते बटण मुद्दाम बाहेर ठेवण्यात आले होते, ते खेळाडूंच्या मागणीमुळे पुढील वर्षी परत आणावे लागले. माणसाला गावही हवे असते आणि बटणही हवे असते.

अडचण अशी, की या दोहोंपैकी एकच गोष्ट मोजता येते. ग्राहक किती मिनिटे थांबला, हे कंपनीच्या तक्त्यात येते. त्याला कोणी मित्र मिळाला की नाही, हे येत नाही. मोजता येणाऱ्या लाभासाठी मोजता न येणारी हानी पत्करावयाची, ही चूक आपल्या नगररचनेनेही केली आहे आणि शिक्षणखात्यानेही. खेळांच्या कंपन्यांनी तीत आणखी एका गोष्टीची भर घातली. पैसे भरून दुसऱ्या सर्व्हरवर जाण्याची आणि पैसे भरून नाव बदलण्याची सोय ब्लिझर्डने २००६-०७ च्या सुमारास केली. यातील बहुसंख्य ग्राहक सद्हेतूने आले असतील. पण बदनामी पुसून घेण्याचा दर यामुळे ठरला. ज्या पतीवर गावाचा व्यवहार चालला होता, तीच कंपनीने विक्रीस काढली. स्वतःच्या मालकीचे नसलेले सामाईक कुरण विकावे, तसाच हा प्रकार होता.

टोपणनावाचा मराठी वारसा

मग खरे नावच सक्तीचे करावे, हा उपाय सर्वांना प्रथम सुचतो. पालकांच्या सभेत तो हमखास सुचविला जातो. येथे मला माझ्या एका विद्यार्थिनीची हकीकत सांगितली पाहिजे.

ती वाणिज्य शाखेत शिकते, अभ्यासात चांगली आहे आणि हा खेळ उत्कृष्ट खेळते. तिने घेतलेल्या टोपणनावावरून ती मुलगी आहे हे कळत नाही. पहिल्या काही महिन्यांत तिने एकदा मायक्रोफोन सुरू केला. आवाज ऐकताच तुकडीतील अनोळखी भिडूंनी जे बोलावयास सुरुवात केली, ते तिने मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. तिने खेळणे सोडले. काही महिन्यांनी ती परतली ती मायक्रोफोन बंद ठेवूनच. हळूहळू, ज्यांच्याशी पुन्हा पुन्हा गाठ पडत गेली आणि जे बरे वागले, अशा चौघांचा तिने एक कायमचा गट जमविला. त्यांतील एकीचा आवाज ऐकल्यावर तिने पुन्हा मायक्रोफोन लावला. त्या चौघांची खरी नावे तिला आजही ठाऊक नाहीत. एके दिवशी तास संपल्यावर तिने विचारले, "सर, नवीन कायद्याने खरं नाव लावावं लागणार आहे का? तसं झालं तर मी खेळणार नाही."

तिची भीती समजण्यासाठी मराठी वाचकाला परदेशात जाण्याची गरज नाही. सरकारी नोकरीत असलेल्या गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात समाजाला खडसावणारी पत्रे लिहिली, ती 'लोकहितवादी' या नावाने. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले आणि या विभावरी शिरूरकर कोण, याचा किती शोध घेतला गेला, हे वाङ्मयाच्या इतिहासात नमूद आहे. त्या टोपणनावामागे मालतीबाई बेडेकर होत्या. अविवाहित, नोकरी करणाऱ्या शिक्षित स्त्रीच्या मनातील व्यथा त्या काळी स्वतःच्या नावाने कोणत्या बाईने लिहिली असती? नावाचा आडोसा नसता तर ते पुस्तक कदाचित मराठीला मिळालेच नसते.

पण येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे, आणि तोच या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. लोकहितवादी किंवा विभावरी शिरूरकर ही नावे घेणाऱ्यांनी दर आठवड्याला नवे नाव घेतले नाही. नाव खरे नव्हते, पण ते टिकाऊ होते. १९५० साली आलेल्या 'बळी' या कादंबरीवरही विभावरी शिरूरकर हेच नाव होते. वाचक त्या नावावर राग धरू शकत होता, लोभ धरू शकत होता, मागे काय लिहिले होते याची आठवण करून देऊ शकत होता. टोपणनावाला पत असते; निनावीपणाला ती नसते. आपण हे दोन शब्द सैलपणे एकाच अर्थाने वापरतो आणि मग उपायही चुकीचा निवडतो.

आपल्या समाजात तर टोपणनावाचे आणखी एक मोल आहे. आडनाव कानावर पडताच गाव, जिल्हा आणि जात यांचा अंदाज बांधण्याची आपली सवय अजून सुटलेली नाही. खेळात हे आडनाव गळून पडते. तेथे नेमबाजी पाहिली जाते, पूर्वज पाहिले जात नाहीत. ज्या तरुणांना प्रत्यक्ष जीवनात ही मोकळीक क्वचित मिळते, त्यांच्याकडून ती शिस्तीच्या नावाखाली काढून घेण्यापूर्वी शंभर वेळा विचार केला पाहिजे.

सक्तीचे अनुभव

खऱ्या नावाच्या सक्तीचे प्रयोग झालेले आहेत. २०१० च्या जुलैमध्ये ब्लिझर्डने जाहीर केले, की खेळाविषयीच्या तिच्या चर्चापीठांवर यापुढे सभासदांची खरी नावे दिसतील. यात धोका नाही हे दाखविण्यासाठी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने स्वतःचे नाव जाहीर केले. थोड्याच वेळात लोकांनी त्याची खासगी माहिती खणून काढून सर्वत्र पसरविली. खेळाडूंचा, विशेषतः स्त्रियांचा, विरोध एवढा झाला की अवघ्या तीन दिवसांत कंपनीला माघार घ्यावी लागली.

दक्षिण कोरियाने तर कायदाच केला. २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्यापूर्वी राष्ट्रीय ओळख-क्रमांकाने आपली खातरजमा करून देणे बंधनकारक झाले. त्यामुळे शिवीगाळ म्हणावी तशी थांबली नाही. उलट एवढी माहिती एके ठिकाणी साठल्याने चोरांची सोय झाली. २०११ साली तेथील एका मोठ्या सेवेतून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीस गेली. २०१२ च्या ऑगस्टमध्ये कोरियाच्या घटनात्मक न्यायालयाने हा कायदा एकमताने रद्द केला.

आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळावयाच्या खेळांना त्याने मनाई केली आणि ई-स्पोर्ट्सना उत्तेजन देण्याचे ठरविले. कर्जबाजारी होणाऱ्या कुटुंबांचा विचार करता त्यामागील हेतूविषयी वाद नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची पडताळलेली संमती आवश्यक केली आहे. एकात पैशाचा विचार आहे, दुसऱ्यात माहितीचा. खेळाडूंच्या परस्परांतील वर्तनाचा प्रश्न अजून या चौकटीबाहेरच आहे. तो जेव्हा ऐरणीवर येईल तेव्हा 'आधार जोडा' ही सोपी सूचना पुढे येणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

गावकीचे भय

याचा अर्थ जुनी गावे आदर्श होती असा मात्र नव्हे. पत ही दुधारी वस्तू आहे. आमच्या रायगड जिल्ह्याने गावकीचे बळ आणि गावकीचा जाच दोन्ही अनुभवले आहेत. कुटुंबेच्या कुटुंबे वाळीत टाकल्याची प्रकरणे या जिल्ह्यातून एवढी पुढे आली, की सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली राज्याच्या विधिमंडळाला स्वतंत्र कायदा संमत करावा लागला. तो २०१७ पासून अमलात आला. जुन्या सर्व्हरांवरही असे घडत असे. मोठ्या टोळ्यांच्या म्होरक्यांशी वाकडे आले, की खरेखोटे न पाहता माणूस बहिष्कृत होई. त्याला दुसरे गाव नसे. अशा माणसाला सर्व्हर बदलण्याची आणि नाव बदलण्याची सोय हा मोठाच दिलासा होता, हे मान्य केले पाहिजे.

तेव्हा प्रश्न गाव की शहर असा नाही. पत जमेल, पण तिचा फास होणार नाही, अशी व्यवस्था उभारता येते की नाही, असा आहे. माझ्या मते ती येते.

करता येण्याजोगे

पहिली गोष्ट: नाव खरे नसले तरी चालेल, पण ते टिकाऊ असावे आणि ते टाकून देणे फुकट नसावे. नव्या खात्याला काही काळ मर्यादित सवलती असाव्यात. म्हणजे संशयाचा भार व्यवस्थेने उचलला जाईल आणि प्रत्येक नवख्याला शिव्या खाऊन तो फेडावा लागणार नाही.

दुसरी: वेशी मोडल्या असतील तर पतही वेशीबाहेर चालली पाहिजे. पूर्वीच्या सराफी पेढ्यांची हुंडी परमुलखात वटत असे, कारण तिच्यामागची पत तेथेही ओळखीची होती. भिडूने खेळ अर्धा टाकला की पुरा केला, सोबत्यांनी त्याला वाखाणले की त्याच्याविरुद्ध तक्रार केली, याची नोंद नावासोबत जावी. मात्र जुना दोष काही काळाने पुसला जावा आणि नोंदीविरुद्ध दाद मागता यावी. तसे नसेल तर ते वाळीत टाकण्याचेच यंत्र होईल.

तिसरी: चांगल्या वर्तनाला मोबदला असावा. 'फायनल फँटसी फोर्टीन' या जपानी खेळाने २०१३ साली नवे रूप घेतले, तेव्हापासून त्यातही अनेक सर्व्हरांवरील अनोळखी भिडूंच्या तुकड्या होतात. परंतु तुकडीत कोणी प्रथमच त्या गुहेत आलेला नवखा असेल, तर सर्वांनाच अधिक बक्षीस मिळते. आणि शेवटी प्रत्येकाला एका सोबत्यास शाबासकी देता येते. परिणामी नवखा दिसला की जुन्यांना आनंद होतो. त्या खेळाचा समाज सौम्य म्हणून ओळखला जातो, याचे श्रेय जपानी सभ्यतेला देण्यापूर्वी या साध्या प्रोत्साहनाला दिले पाहिजे.

चौथी, आणि सर्वांत सोपी: गुणवत्तेच्या बरोबरीने ओळखीलाही जुळणीत वजन द्यावे. यंत्राला लक्षावधींतून चौघे निवडावयाचेच आहेत. तर ज्यांच्याशी मागे बरे जमले होते, त्यांपैकी एखादा जागा असेल तर त्याला आधी का निवडू नये? माझ्या विद्यार्थिनीने महिनोन्‌महिने कष्ट करून जे साधले, ते यंत्राने क्षणात साधता येईल. शहरात गाव निर्माण करण्याचाच हा मार्ग आहे.

हा मार्ग अव्यवहार्य नाही, याची साक्ष रोज सकाळी मानसरोवर आणि खांदेश्वर स्थानकांवर मिळते. हार्बर मार्गाच्या लोकलमध्ये लाखो अनोळखी माणसे एकमेकांना रेटीत प्रवास करतात. धक्क्याबद्दल तेथेही शिव्या निघतात. परंतु त्याच गाडीच्या ठरलेल्या डब्यात वर्षानुवर्षे एकत्र येणारे गट असतात. कोणी भजन म्हणतात, कोणी मांडीवर बॅग ठेवून पत्ते कुटतात. त्यांच्यातील कित्येकांना एकमेकांची आडनावे ठाऊक नसतात. 'बँकवाले', 'वडाळ्याचे काका' एवढ्यावर काम भागते. पण काका चार दिवस दिसले नाहीत, तर पाचव्या दिवशी कोणीतरी चौकशी करतो. खरे नाव त्यासाठी लागत नाही. उद्या हीच गाडी आणि हाच डबा, एवढी खात्री पुरते.

कायदे करणाऱ्यांनी आणि खेळ रचणाऱ्यांनी मुलांकडून ओळखपत्र मागण्याऐवजी त्यांना ही खात्री देण्याचा विचार करावा. आपण पालकांनी आणि शिक्षकांनीही 'किती वेळ खेळलास' या रोजच्या प्रश्नाला 'कोणाबरोबर खेळलास' या प्रश्नाची जोड द्यावी. त्या विद्यार्थिनीला मी त्या दिवशी ठाम उत्तर देऊ शकलो नाही. तिला खेळ सोडावा लागू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी सक्तीची मागणी होण्यापूर्वीच हे बोलावयास हवे.